आमच्या घरी किती?

भूकंप कधी झाला होता असं आईला विचारलं तर ती साल सांगत नाही. "ओपिनियन पोल झाला ना, त्याच वर्षी. थंडीत," एवढंच म्हणते. गोव्यातल्या तिच्या पिढीला १९६७ म्हणजे जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा यावरचा. जानेवारीत कौल झाला आणि डिसेंबरात कोयना हादरली. (कौलावरून आमच्या घरात अजूनही वाजतं, तो विषय इथं नको.) तारीख ११ डिसेंबर, वेळ पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. डिचोलीजवळच्या गावातलं घर, चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं, माजघरात आढ्याला टांगलेला पाळणा आणि त्यात माझा धाकटा मामा.

आधी फळीवरची भांडी वाजली. आजीला वाटलं, मांजर शिरलं. ती उठली, कंदिलाची वात मोठी केली, माजघर ओलांडून स्वयंपाकघरात गेली, नसलेल्या मांजराला दोन शिव्या घातल्या आणि परत फिरते तोच पाळणा आपसूक डोलायला लागला. दाराच्या कड्या खुळखुळल्या, कौलांमधून माती गळली. मग मात्र ती ओरडली, "धरतरी हालता गो!" आणि एकेकाला बखोटीला धरून अंगणात काढलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात ही गोष्ट हटकून सांगते, कारण भूकंपाचा निम्मा धडा तिच्यात आहे. जमिनीखाली खडक सरकला की तिथून दोन जातींच्या लाटा निघतात. पहिली खडकाला दाबत-ताणत पळते, सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर. दुसरी खडकाला आडवी हलवत येते. ती संथ, साडेतीन किलोमीटरच्या आसपास, पण घरं पाडण्याची ताकद हिच्यात जास्त. कोयनेपासून आमचं गाव सरळ रेषेत साधारण २०० किलोमीटर. म्हणजे पहिली लाट पोचली तेहतीस-चौतीस सेकंदांनी, दुसरी सत्तावन्न-अठ्ठावन्न सेकंदांनी. मध्ये राहिले चोवीस-पंचवीस सेकंद. भांडी वाजवली ती पहिलीनं, पाळणा हलवला तो दुसरीनं. माजघर ते चूल हे अंतर मी घड्याळ लावून चालून पाहिलंय. शिव्या धरल्या तर हिशेब जुळतो.

एवढ्या जुन्या आठवणीवर इतका भार टाकू नये हे मलाही कळतं. आईनं ती गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की तिला आता तिचा स्वतःचा ताल आलाय. पण भूकंपमापन केंद्रात शेवटी हेच करतात. दोन लाटांमधले सेकंद मोजायचे, आठानं गुणायचे, की भूकंपाचं केंद्र किती किलोमीटरवर आहे ते ढोबळ मानानं कळतं. तीन ठिकाणांहून अशी तीन अंतरं मिळाली की नकाशावर तीन वर्तुळं काढायची. ती जिथं एकमेकांना छेदतात तिथं खडक सरकला.

शेजाऱ्यांनी त्या पहाटे आधी खाणीला बोल लावला म्हणे. आमचा पट्टा खाणींचा, हादरे नवे नव्हते. पण पहाटे चारला सुरुंग कोण लावणार? शिवाय सुरुंगाचा हादरा ठण्णकन येतो आणि संपतो. हा मात्र वाढत गेला, असं आई सांगते. यंत्रालाही हा फरक कळतो. स्फोट सगळ्या दिशांना बाहेरच ढकलतो, त्यामुळे कुठल्याही केंद्रावर पहिली हालचाल ढकलल्याचीच दिसते. खडक सरकतो तेव्हा काही दिशांना ढकललं जातं, काही दिशांना ओढलं जातं. अणुचाचण्या चोरून करणाऱ्या देशांना पकडायलाही हाच फरक कामी येतो.

यंत्राचं तत्त्व मुलांना पाच मिनिटांत दाखवता येतं. वाळू भरलेला डबा दोरीनं टांगायचा, त्याच्या बुडाला स्केचपेन चिकटवायचं, खाली कागदाची लांब पट्टी. एकानं पट्टी हळूहळू ओढायची, बाकीच्यांनी टेबल हलवायचं. जड डबा जागच्या जागी राहू बघतो, टेबल हलतं, कागदावर नागमोडी रेघ उमटते. टेबल हलवायला अर्थातच सगळे तयार असतात, पट्टी ओढायला कोणी नसतं. १८९७ च्या आसामच्या महाभूकंपानंतर आपल्याकडे कोलकात्याला अलीपूर, मुंबईला कुलाबा आणि दक्षिणेत कोडाईकनाल इथं मिल्न या इंग्रज शास्त्रज्ञाच्या बनावटीची यंत्रं बसली, तीही या तत्त्वावरचीच. आणि त्याच आसामच्या भूकंपाच्या नोंदी न्याहाळताना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांना या दोन लाटा वेगवेगळ्या ओळखता आल्या.

आता नेहमीच्या एका प्रश्नाकडे येते. कुठंही भूकंप झाला की स्टाफरूममध्ये, बसमध्ये, मासळी बाजारात पहिला प्रश्न एकच असतो, "किती रिश्टरचा?" आकडा कळला की लोकांचं समाधान होतं. पाच असेल तर "हां, बारीक," सात असेल तर "अरे बापरे."

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियात, बेनो गुटेनबर्ग यांच्या मदतीनं हे माप बसवलं तेव्हा त्याची व्याख्या अगदी साधी होती. वुड-अँडरसन नावाचं ठरावीक यंत्र केंद्रापासून १०० किलोमीटरवर असेल आणि त्याची रेघ १ मिलिमीटर हलली, तर भूकंप ३ चा. १० मिलिमीटर हलली तर ४ चा, १०० मिलिमीटर हलली तर ५ चा. आकडा एकानं वाढला की रेघ दहापट, आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. दोनानं वाढला की हजार पट. पाच आणि सात यांच्यातला फरक बाजारातल्या पाच आणि सात रुपयांसारखा नाही, हे वर्गात फळ्यावर मांडल्याशिवाय पटत नाही. रिश्टर यांचं माप मुळात त्या भागापुरतं, त्या यंत्रापुरतं होतं. फार मोठ्या भूकंपांत आकडा एका पातळीपुढं चढतच नाही. म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी मोमेंट मॅग्निट्यूड मांडलं. किती क्षेत्रफळाचा खडक सरकला, किती सरकला आणि तो खडक किती ताठ, या तिन्हींचा गुणाकार त्याच्या मुळाशी असतो. आज जगभरच्या मोठ्या भूकंपांचा आकडा बहुधा या पद्धतीचा असतो. मथळ्यात मात्र नाव रिश्टर यांचंच राहिलंय, आणि सकाळचा आकडा संध्याकाळी बदलला की लोक म्हणतात, लपवाछपवी चाललीय. लपवाछपवी नसते. सकाळी थोड्या केंद्रांच्या नोंदी आलेल्या असतात, संध्याकाळपर्यंत जास्त येतात.

पण हा आकडा कितीही अचूक असला तरी तो भूकंपाचा असतो, तुमच्या घराचा नसतो. एका भूकंपाला एकच आकडा. तो कोयनानगरलाही तोच, डिचोलीलाही तोच. घराचं माप वेगळं आहे आणि ते रिश्टर यांच्याही आधीचं. इटलीतल्या जुझेप्पे मर्कल्ली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीट लावलेली ही पट्टी एक ते बारा अशी असते. आपल्याकडे तिच्याच घराण्यातली एमएसके पट्टी वापरतात. या पट्टीला यंत्र लागत नाही, माणसं लागतात. भांडी-तावदानं वाजली तर चार. झोपलेले जागे झाले, टांगलेल्या वस्तू झोके घेऊ लागल्या तर पाच. घाबरून बाहेर पळाले, गिलाव्याला तडे गेले तर सहा. असं चढत जायचं. भूकंपानंतर अभ्यासक गावोगाव फिरून लोकांना विचारतात, भिंती बघतात आणि नकाशावर गावागावांचे आकडे मांडतात. आजीच्या साक्षीवरून आमचं घर पाचाच्या आसपास बसतं. कोयनानगर त्या पहाटे आठावर होतं.

म्हणून मला वाटतं, किती रिश्टरचा हा प्रश्न अर्धा आहे. उरलेला अर्धा कोणी विचारत नाही, तो म्हणजे आमच्या घरी किती?

हे मी उगाच म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लातूर-उस्मानाबादची गावं दमून झोपली होती. आता कोयना आणि किल्लारी शेजारी ठेवा. दोन्ही महाराष्ट्रातले, दोन्ही उथळ, दोन्ही पहाटेच्या काळोखातले. आकडाही जवळजवळ सारखा, कोयना ६.३, किल्लारी ६.२. कोयनेला माणसं गेली सुमारे १८०. किल्लारीच्या परिसरात गेली दहा हजारांच्या घरात.

आकड्यानं हा फरक उलगडत नाही, भिंतीनं उलगडतो. किल्लारीकडच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, दगडमातीच्या. बाहेरून बघितल्या तर गढीसारख्या भक्कम. पण आत दोन वेगळे थर, एक आतला, एक बाहेरचा, मध्ये मातीचा आणि बारीक दगडांचा भराव. दोन्ही थरांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड क्वचितच. वर लाकडी माळवद, त्यावर उन्हाळ्याला तोंड द्यायला मातीचे थर, आणि दर पावसाळ्यापूर्वी वर आणखी माती. जमीन आडवी हलली, दोन थर एकमेकांपासून सुटले, माळवदाचा आधार गेला आणि टनावारी माती झोपलेल्यांवर आली. कोयनेच्या खोऱ्यातली घरं काही भूकंपाचा विचार करून बांधलेली नव्हती, तिथंही पडझड भयंकर झाली. पण वस्ती विरळ होती आणि डोक्यावर मातीचं असं ओझं नव्हतं.

नकाशावर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी अजून एक. देशाच्या भूकंपविषयक मानकातला पहिला नकाशा १९६२ चा. त्यात विभाग शून्य ते सहा होते आणि कोयना होती अगदी कमी धोक्याच्या विभागात. पाच वर्षांनी कोयना हादरली, नकाशा बदलला. १९९३ मध्ये किल्लारी होती विभाग एकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात. नकाशा परत बदलला. २००२ मध्ये विभाग एक काढूनच टाकला. दोन ते पाच उरले. त्या नकाशात गोवा तिसऱ्यात, म्हणजे मध्यम धोक्याचा. नकाशा काढणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्याकडे जेवढा इतिहास होता तेवढ्यावर त्यांनी काढला. पण आपल्या भागात भूकंप होत नाहीत, हे वाक्य धरण भरण्याआधी कोयनेचे लोकही म्हणू शकत होते. धरण भरू लागल्यापासून मात्र तिथं बारीकसारीक हादरे चालूच होते, आणि १९६७ च्या सप्टेंबरात मोठा धक्काही बसून गेला होता.

धरणाचा विषय निघाला की गोव्यात कोणीतरी साळावली-अंजुणेचं नाव काढतोच. धरण भूकंप निर्माण करत नाही. खाली आधीच ताणलेली भेग असेल तर झिरपणारं पाणी आणि त्याचा दाब तिला सरकायला निमित्त देतात. बहुतेक धरणांखाली अशी भेग नसते, म्हणून तिथं काही होत नाही. कोयनेला ती होती, आणि शिवाजीसागर भरल्याला सहा दशकं होऊन गेली तरी तिथं धक्के थांबलेले नाहीत. हे नेमकं कसं घडतं ते बघायला कऱ्हाडला खास प्रयोगशाळा आहे आणि गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय. भेगेच्या जवळ जाऊन ऐकायची ही धडपड मला फार आवडते.

आता मला खरी काळजी वाटते त्याबद्दल. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. केंद्र कच्छमध्ये भचाऊजवळ, आकडा ७.७. अहमदाबाद तिथून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब, आणि तरीही तिथं कित्येक बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या. पणजी कोयनेपासून २१० किलोमीटर आहे. लगेच घाबरायचं कारण नाही. ७.७ आणि ६.३ यांच्या ऊर्जेत सव्वाशे पटींचा फरक आहे, आणि तेवढी मोठी भेग कोयनेत आहे असं कोणी म्हणत नाही. पण अहमदाबादेत कुठल्या इमारती पडल्या ते बघण्यासारखं आहे. शेजारची उभी, ही आडवी. पडलेल्यांपैकी पुष्कळशा एका साच्याच्या होत्या. तळमजल्यावर गाड्या लावायला मोकळी जागा, नुसते खांब, आणि त्यावर भिंतींनी भरलेले चार-पाच मजले. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, एका ठोकळ्यासारखे हलतात. सगळं वाकणं-मुरडणं खालच्या उघड्या खांबांच्या वाट्याला येतं. खांबांनी ते सोसलं नाही की वरचा ठोकळा खाली बसतो. पर्वरी, फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठंही नजर टाका. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण दुसरं काय बांधलंय?

त्यात जमिनीची भर. आमच्या आजोळचं घर जांभ्यावर आहे, कुदळ लागत नाही इतका टणक. पणजीत पाटो भागात किंवा कुठल्याही बुजवलेल्या खाजनावर, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीवर, तसं नाही. खाली खाडीचा चिखल, वर भराव. ताटलीला टिचकी मारली की ताटली क्षणभर थरथरते पण तिच्यातला खरवस हलतच राहतो, तशी मऊ जमीन लाट आल्यावर जास्त आणि जास्त वेळ हलते. १९८५ च्या सप्टेंबरात मेक्सिको सिटी अशीच मोडली. केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब, समुद्राकाठी. पण शहराचा मधला भाग जुन्या तलावाच्या गाळावर वसलेला. त्या गाळाच्या हलण्याची लय मध्यम उंचीच्या इमारतींच्या लयीशी जुळली आणि नेमक्या त्याच इमारती जास्त पडल्या.

आमच्या शाळेत मध्ये भूकंपाची रंगीत तालीम झाली. घंटा झाली की वाकायचं, बाकाखाली शिरायचं, बाकाचा पाय घट्ट धरायचा. वाका, आडोसा घ्या, धरून ठेवा. मुलं हसत-खिदळत बाकांखाली गेली, कोणाची चप्पल कोणाच्या तोंडाशी आली. तेवढ्यात एका मुलीनं डोकं बाहेर काढून विचारलं, "टीचर, दार इथंच आहे, बाहेर मैदान आहे, मग धावायचं नाही?"

प्रश्न अगदी रास्त होता. बहुमजली काँक्रीटच्या इमारतीत असाल तर जिन्याकडे पळू नका, लिफ्टचं नावही काढू नका, हा सल्ला शंभर टक्के खरा. हादरे सेकंदांत मोजायचे असतात, तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून कोणी खाली पोचत नाही. जिना इमारतीचा दुबळा भाग असू शकतो आणि चेंगराचेंगरी वेगळीच. पण आमची जुनी शाळा तळमजल्याची, चिऱ्यांची, कौलारू. दाराजवळच्या बाकावरचा मुलगा तीन ढांगांत मैदानात पोचतो. मातीत बांधलेल्या भिंतींच्या बैठ्या घरात, दार हाताशी आणि समोर मोकळं अंगण असेल, तर बाहेर पडणं शहाणपणाचं. मात्र वळचणीखाली थांबायचं नाही. कौलं आधी तिथंच घसरतात, आणि बाहेर धावलेली माणसं तिथंच जखमी होतात. धावायचं तर थेट भिंतीच्या उंचीपेक्षा जास्त लांब, माडाखाली नाही, विजेच्या तारांखाली नाही. मागच्या बाकांवरच्यांनी बाकाखालीच राहायचं. तालमीच्या पत्रकात यातलं काहीच नव्हतं. पत्रक सगळ्या देशासाठी एकच छापलेलं असतं, वर्गखोली प्रत्येकाची वेगळी. मी त्या मुलीला पुढच्या तालमीत दाराशी उभं केलं, कोण बाहेर जाणार आणि कोण आत राहणार ते सांगायला. तिनं ते काम फारच गांभीर्यानं घेतलं. मला दोनदा आत पाठवलं.

दाराच्या चौकटीत उभं राहा, हा जुना सल्ला विसरलेला बरा. आजच्या घरात चौकट भिंतीपेक्षा मजबूत नसते. रात्री अंथरुणात असाल तर तिथंच पालथं पडून उशी डोक्यावर. गाडीत असाल तर पूल, झाडं, फलक सोडून कडेला थांबा. हादरे थांबले की पायांत चपला घालून मग उठा, कारण फुटलेल्या काचेनं पाय कापणं ही भूकंपातली फार सामान्य जखम. गॅसचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद, काडी ओढायची नाही. नंतरचे धक्के येणार हे धरूनच चालायचं. तडे गेलेल्या घरात "पाकीट राहिलं" म्हणून परत शिरणारे नेमके दुसऱ्या धक्क्यात सापडतात.

चतुर्थीला आमच्याकडे माटोळी बांधतात. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेला लाकडी चौकोन, त्याला नारळ, तोरिंगणं, काकड्या, सुपाऱ्यांचे घोस, रानातली कांगलां, जे मिळेल ते. शेजारणींमध्ये तिची चढाओढ असते. भूकंप कळायला तिच्यासारखं सोपं साधन नाही, जरा हललं की डोलते. पण तिच्या खाली अख्खं घर आरतीला दाटीवाटीनं उभं असतं आणि वर सोललेले-न सोललेले नारळ. मी भावाला म्हटलं, निदान आढ्याचे हुक बघून घे. त्यानं हुक बदलले. नारळ कमी करायचा विषय मात्र काढून दिला नाही.

फ्लॅटमध्ये मात्र नुसत्या हुकांनी भागत नाही. लोखंडी कपाट भिंतीला क्लॅम्पनं बांधणं, पलंगाच्या डोक्याशी जड फळी नसणं, माळ्यावरचे हंडे खाली आणणं, ही कामं सुताराच्या एका फेरीत होतात. भूकंप अभियंत्यांना जे विचाराल त्यात हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळलेलं.

समुद्र इतका जवळ असल्यावर त्सुनामीचं विचारलं जातंच. २६ डिसेंबर २००४ चा सुमात्राचा भूकंप ९.१ चा होता. त्या लाटा वळसा घालून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आल्या आणि मुरगाव बंदरातल्या भरती-ओहोटी मोजणाऱ्या यंत्रावर उमटल्या. गोव्यापर्यंत पोचेतो त्या लहान झाल्या होत्या. आपल्या बाजूचा खरा धोका मकरानचा. पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळ १९४५ च्या नोव्हेंबरात ८.१ चा भूकंप झाला आणि लाट मुंबईपर्यंत आली. आता हैदराबादला राष्ट्रीय इशारा केंद्र आहे, दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, इशारा मिळेल. पण किनाऱ्यावर उभं असताना जमीन वीस-पंचवीस सेकंद हलत राहिली, किंवा पाणी अवेळी खूप आत ओढलं गेलं, तर इशाऱ्याची वाट बघायची नाही आणि उघड्या पडलेल्या तळावरच्या तिसऱ्या (शिंपल्या) वेचायला धावायचं नाही. उंचावर जायचं. आपल्याकडे बहुतेक किनाऱ्यांच्या मागे चढ आहेच.

२०२३ पासून भारतातल्या अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा येऊ शकतो. फोन आडवा-उभा केला की पडदा फिरतो ना, ते ज्या चिपमुळे होतं तीच चिप जमिनीचा हादराही टिपते. केंद्राजवळच्या हजारो फोनांनी एकदम पहिली लाट टिपली की लांबच्या फोनांवर सूचना जाते. सूचना प्रकाशाच्या वेगानं जाते, लाट खडकाच्या. कोयनेत मोठा धक्का बसला तर पणजीला जोरकस लाट पोचायला मिनिटभर लागतं. यंत्रणेचे काही सेकंद वजा केले तरी टेबलाखाली शिरायला, शेगडी बंद करायला भरपूर. केंद्राजवळच्यांना मात्र यातलं काही मिळत नाही. सेटिंगमध्ये तो पर्याय चालू आहे का तेवढं बघून ठेवा. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं स्वतःचं भूकंप नावाचं अ‍ॅपही आहे, ते झाल्यावर सांगतं.

राहता राहिली आमची इमारत. फोंड्याला, चार मजली, खाली पार्किंग. सोसायटीच्या सभेत मी विषय काढला तेव्हा "गोव्यात कुठं होतात भूकंप?" हे अपेक्षेप्रमाणे आलंच. मी काणकोणची आठवण करून दिली. २०१४ च्या जानेवारीत चावडीला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि कितीतरी कामगार गेले. तेव्हा कुठला भूकंप होता? सभा थोडी गप्प झाली. मग एक गृहस्थ म्हणाले, "पण आपले कॉलम जाड आहेत."

जाडीनं सगळं कळत नाही. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती ज्या रिंगा बांधतात, खरं काम त्यांचं. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वळवलं तर मोठ्या हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटतं आणि रिंग उघडते. ते टोक १३५ अंशांत, कॉलमच्या पोटात वळवलं की ती धरून राहते. आणि स्लॅबजवळ, कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकाला, रिंगा जवळजवळ हव्यात, ४ इंचांच्या आत. हे मानकात लिहिलेलं आहे, खर्च थोडा, पण हूक आत वळवायला सळई वाकवणाऱ्याला वेळ लागतो, आणि काँक्रीट ओतलं की कोणाला दिसत नाही. म्हणून जे नवीन फ्लॅट घेतायत त्यांना मी एकच सांगते, नमुना फ्लॅट नंतर बघा, आधी काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी साइटवर जा आणि रिंगांची टोकं बघा.

आमच्या इमारतीत ती वेळ गेलेली. ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी पार्किंगमध्ये एक चक्कर मारली आणि कॉलमकडे बघण्याआधी कोपऱ्यातल्या खोलीकडे बोट दाखवलं. तळमजल्याच्या एका कोपऱ्यात कोणीतरी चिऱ्यांच्या भिंती घालून सामानाची खोली केलीय. "ही कोणाची?" खोलीवाले म्हणाले, "पण भिंत घातली म्हणजे मजबुतीच आली ना?" इंजिनिअर म्हणाले, "एकाच कोपऱ्यात आली. इमारत त्या कोपऱ्याला धरून फिरेल, आणि उरलेल्या तीन बाजूंचे कॉलम पिळवटतील." भिंती घालायच्याच तर हिशेब करून, दोन्ही दिशांना, समतोल. किंवा कॉलमना जॅकेट, म्हणजे भोवती नव्या सळ्या-काँक्रीटचं आवरण, किंवा लोखंडी तिरके आधार. त्याआधी सळ्या शोधणारं यंत्र लावून आत काय आहे ते बघावं लागेल.

तपासणीच्या खर्चाला सभेनं मंजुरी दिली, हे मला अजून खरं वाटत नाही. काम चतुर्थी झाल्यावर सुरू करू, असं सेक्रेटरी म्हणाले. कोपऱ्यातली खोली काढायची का, यावर अजून भांडण चालू आहे. खोलीवाल्यांचं म्हणणं, आत त्यांची माटोळीची लाकडं असतात, ती ठेवायची कुठं?